औताएवढा ट्रॅक्टर

मराठी ग्रामीण कथा-कादंबरीत ट्रॅक्टर आला की काहीतरी मोडते. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) मालकाच्या मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि नारबाचा जनावरांचा गोतावळा पांगतो. कादंबरी नारबाच्याच तोंडून, त्याच्याच बोलीत सांगितलेली असल्यामुळे यंत्राची बाजू मांडायला तिथे कुणी नाही, आणि असण्याचे कारणही नाही. गेली पंधरा-वीस वर्षे वर्गात ही कादंबरी शिकवताना आम्हीही ‘यंत्र विरुद्ध जीवसृष्टी’ हे सूत्र फळ्यावर लिहीत आलो आहोत. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बिनचूक परत करतात.

या सूत्राने एक प्रश्न मात्र आम्हाला कधी विचारू दिला नाही. कोणता ट्रॅक्टर? किती ताकदीचा, किती वजनाचा, कोणत्या कामाचा? घोड्याबद्दल लिहिताना आपण तट्टू आणि अरबी घोडा यांत फरक करतो, बैलाबद्दल लिहिताना लाल कंधारी आणि देवणी यांची गल्लत करत नाही. ट्रॅक्टर मात्र आपल्या समीक्षेत एकजात ‘ट्रॅक्टर’ असतो, लाल रंगाचा आणि धूर सोडणारा. हा प्रश्न आम्हाला पडला तो पुस्तकातून नव्हे, तर राणीसावरगावच्या एका शेतात.

गंगाखेड हे जनाबाईंचे गाव गोदाकाठी आहे. तिथून राणीसावरगावकडे निघाले की नदीकाठची खोल काळी जमीन हळूहळू मागे पडते आणि बालाघाटाच्या उताराची मुरमाड, हलकी जमीन सुरू होते. मध्ये मध्ये काळ्या मातीचे पट्टे असतातच. गावात रेणुकादेवीचे जुने स्थान आहे आणि नवरात्रात तिथे मोठी गर्दी असते. त्या गर्दीतून बाहेर पडून आम्ही एका परिचितांच्या शेतावर गेलो होतो. लिंबाखाली एक छोटा, रंग उडालेला आयशर उभा होता. एका सिलिंडरचा, हवेने थंड होणारा. आमच्यातल्या एकाच्या लहानपणी हाच आवाज दोन शिवारांपलीकडून ओळखू यायचा. ठोक्याठोक्याने येणारा, मध्ये क्षणभर दम घेतल्यासारखा. शेताचे मालक म्हणाले, “सर, तुम्ही इतिहासाचं वाचता. ह्याला भंगारात द्यावं का ठिवावं, सांगा बरं. पोरगं म्हणतंय मोठं घ्या. मोठं धुऱ्यावर वळतच नाही.”

आम्ही मराठीचे अध्यापक. इतिहासाचे नव्हे आणि यंत्राचे तर नव्हेच. पण प्रश्न मनात राहिला आणि त्यामागे जाता जाता जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

आरंभ शब्दापासून करणे हा आमच्या व्यवसायाचा दोष आहे. ‘ट्रॅक्टर’ या शब्दाच्या मुळाशी ‘ओढणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. म्हणजे ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा, एवढेच. आपल्याकडे ओढणाऱ्याला आणि ओढल्या जाणाऱ्याला मिळून ‘औत’ म्हणण्याची रीत आहे. औत म्हणजे अवजार, औत म्हणजे बैलजोडीसह अवजार, आणि औत म्हणजे शेतीचे मापही. ‘दोन औतांचा शेतकरी’ म्हटले की त्याची जमीन, त्याची ऐपत आणि त्याच्या दावणीला किती जनावरे असतील हे सगळे ऐकणाऱ्याला कळत असे. शेताचा आकार एकरात सांगण्याआधी तो बैलांच्या दमात सांगितला जात होता. ट्रॅक्टरची ताकद मोजताना मात्र आपण ‘अश्वशक्ती’ हा शब्द घेतला. ज्या प्रदेशात घोडा नांगराला कधी जुंपलाच नाही, तिथे हे माप रुळावे यात एक गंमत आहे.

बैल आपल्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा एवढी ओढ दिवसभर देऊ शकतो, असा ढोबळ हिशेब सांगतात. चांगली जोडी फार तर एका अश्वशक्तीच्या आसपास जाते. आता नांगरटीचे गणित करून पाहावे. नऊ इंच रुंदीचे तास धरले, तर एक एकर नांगरायला नांगऱ्याला आणि बैलांना सुमारे साडेसतरा किलोमीटर चालावे लागते. तासाला अडीच किलोमीटरच्या चालीने हे सात तास होतात, वळणे आणि विसावा वेगळा. खोल काळ्या जमिनीत लोखंडी नांगराला एक जोडी पुरतच नसे. तीन-चार जोड्या एकामागे एक जुंपाव्या लागत. एवढे बैल एका घरी कुठून असणार? म्हणून सावड आली, इर्जिक आली. शेजाऱ्यांच्या बैलांचे देणे-घेणे हा गावगाड्याचा एक अदृश्य सांधा होता. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुसरा बैल नाही म्हणून शेकूची बायको जुवाला खांदा देते. मराठी वाचक या प्रसंगाकडे त्या बाईच्या जिद्दीचे चित्र म्हणून पाहतो, आणि तसे पाहणे चूक नाही. पण तो ओढीच्या दुष्काळाचाही दस्तऐवज आहे. बैल सर्वांना पुरेसे होते आणि मग यंत्राने येऊन ते हिरावले, हा क्रम जितका सरळ वाटतो तितका तो नाही.

यंत्राबद्दलचा संशय आपल्याकडे ट्रॅक्टरहून जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवले तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे ते खपेनात, ही हकीकत सर्वश्रुत आहे. याच कारखान्याचे पत्रक म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. आधुनिक मराठी कथेचा, निबंधाचा एक मोठा प्रवाह नांगराच्या कारखान्यातून वाहत आला आहे, हे आपण वाङ्मयेतिहासात एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. तिथे थोडे थांबायला हवे होते.

ट्रॅक्टर प्रथम आला तो मोठाच आला. स्वातंत्र्यानंतर लगेच केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन स्थापन केली. युद्धानंतर उरलेली अमेरिकी लष्कराची पट्ट्यावर चालणारी यंत्रे आणि १९४९ साली जागतिक बँकेकडून मिळालेले एक कोटी डॉलरचे कर्ज यांच्या बळावर मध्य भारतातली कांस गवताने व्यापलेली जमीन मोडायला सुरुवात झाली. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांचा जो जाच, तोच तिकडे कांसाचा. ही यंत्रे शेतकऱ्याची नव्हती, सरकारची होती. ती येत, जमीन उलथून टाकत आणि निघून जात. १९५१ साली साऱ्या देशात मिळून साडेआठ हजारांच्या आसपासच ट्रॅक्टर होते. ‘मदर इंडिया’ (१९५७) या चित्रपटाच्या आरंभी वृद्ध राधेच्या भोवती ट्रॅक्टर दिसतात ते याच काळातले, आणि त्यांचा अर्थही त्याच काळाचा: राष्ट्र, धरण, भविष्य. एका कुटुंबाच्या दावणीला बांधता येईल असा ट्रॅक्टर त्या चित्रात नाही.

तो अन्यत्र तयार झाला होता. हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० हा लहानखुरा, करडा ट्रॅक्टर इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे १९४६ पासून दहा वर्षे निघत होता आणि पाच लाखांहून अधिक निघाला. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो याच जातीच्या ट्रॅक्टरांनिशी. फर्ग्युसनची कल्पना साधी आणि आमच्या मते फार बुद्धिमान होती. तोवर ट्रॅक्टरला ओढ यावी म्हणून त्याचे वजन वाढवत. फर्ग्युसनने अवजार साखळीने मागे बांधण्याऐवजी तीन सांध्यांवर ट्रॅक्टरलाच जोडले आणि हायड्रॉलिकने उचलते केले. माती नांगराला जी अडवणूक करते तिचाच भार मागच्या चाकांवर येतो आणि चाके जमीन धरतात. म्हणजे हलक्या यंत्राला जड काम जमू लागले. आज आपल्याकडे कोणत्याही ट्रॅक्टरमागे जी तीन दांड्यांची जोडणी दिसते, ती हीच.

हलक्या कामांची अडचण आणखी वेगळी होती. बैलांमागे चालणाऱ्याच्या नजरेसमोर अवजार असते. कोळपे धरणाऱ्याला दोन्ही बाजूंची रोपे दिसतात. फास रोपाकडे सरकली की रुमण्यावरचा हात आपोआप सावरतो. ट्रॅक्टरवर बसणाऱ्याची पाठ अवजाराकडे असते. नांगरटीला हे चालते, कारण तिथे चुकण्यासारखे काही उगवलेले नसते. कोळपणीत मात्र पाठ फिरवणे म्हणजे पिकावर चाक घालणे. अमेरिकेत १९४७ साली आलेल्या फार्मॉल कब या दहाएक अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरात इंजिन एका बाजूला आणि बैठक दुसऱ्या बाजूला सरकवलेली होती, ती केवळ चालकाला खालची ओळ दिसावी म्हणून. पुढच्याच वर्षी आलेल्या अ‍ॅलिस-चाल्मर्सच्या ‘जी’ने तर इंजिन पाठीमागे नेले आणि अवजार चालकाच्या पायांपुढे ठेवले. ‘जी’ १९५५ साली बंद झाला. पण एका यंत्राने शेतकऱ्याच्या नजरेचा इतका विचार केला होता याची नोंद वाङ्मयाच्या अभ्यासकाने ठेवावी. कथनात निवेदक कुठे उभा आहे यावर आपण पानेच्या पाने लिहितो. शेतकरी औताच्या पुढे आहे की मागे, हाही तसाच प्रश्न आहे.

हे ट्रॅक्टर आपल्याकडे रुळले नाहीत. आपल्याकडच्या लहान ट्रॅक्टरांची वंशावळ युरोपच्या मध्य आणि पूर्व भागांतून येते. फरिदाबादला २४ एप्रिल १९५९ रोजी आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. भारतात बांधला गेलेला पहिला ट्रॅक्टर म्हणून तो ओळखला जातो. त्याचे मूळ बव्हेरियातल्या फोर्स्टर्न गावच्या आयशर बंधूंच्या कारखान्यात होते. साठच्या दशकात देशातले उत्पादन मागणीच्या मानाने नगण्य होते. १९६१-६२ मध्ये ते वर्षाला ८८० एवढेच होते. त्यामुळे समाजवादी देशांतून आयात सुरू झाली: सोव्हिएत डीटी-१४, चेकोस्लोव्हाकियाचा झेटोर. राज्याराज्यांत कृषी उद्योग महामंडळे निघाली. महाराष्ट्राचे १९६५ सालचे. आयात ट्रॅक्टरांचे वाटप या महामंडळांमार्फत होई. पुढे १९७१ मध्ये पिंजोर येथे एचएमटीने झेटोरच्या सहकार्याने पंचवीस अश्वशक्तीचा २५११ काढला. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, परदेशी परवान्याशिवाय, आरेखन झालेला स्वराज ७२४ पंजाबातून १९७४ साली बाजारात आला. नावातच त्याचा पक्ष स्पष्ट होता.

मराठवाड्याला हा सगळा इतिहास जरा उशिरा भेटला. निजामी राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले, आणि त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. त्या दुष्काळात चाऱ्याअभावी लोकांनी बैल मिळेल त्या भावाने विकले. जे पुन्हा उभे राहिले त्यांच्यापुढे प्रश्न होता की नवी जोडी घ्यायची, की जमीन गहाण टाकून ट्रॅक्टर. बहुतेकांनी जोडीच घेतली. हाळीच्या बाजारातून किंवा माळेगावच्या यात्रेतून जोडी आणणे हा तेव्हा व्यवहारही होता आणि प्रतिष्ठाही.

आता त्या लिंबाखालच्या प्रश्नाकडे यायला हरकत नाही. हलक्या कामासाठी, म्हणजे वखराची पाळी, पेरणी, कोळपणी, थोडीफार वाहतूक यांसाठी, या जुन्या तीन ट्रॅक्टरांत डावे-उजवे काय? आम्ही गावातल्या आणि गंगाखेडच्या मिस्त्रींशी बोललो, तीन-चार शेतांवर ही यंत्रे चालताना पाहिली. पाहिले ते सांगतो; तज्ज्ञतेचा दावा नाही.

आयशरचे मोठे सुख म्हणजे त्याला पाणी लागत नाही. रेडिएटरच नाही. ज्या शिवारात फेब्रुवारीपासून पिण्याच्या पाण्याची ओरड असते तिथे हे सुख लहान नव्हे. इंजिनाचा एकच सिलिंडर असल्यामुळे दुरुस्तीही एकाच गोष्टीची. मिस्त्री म्हणाले, “हे उघडून बसलं की दुपारपर्यंत जोडून होतं.” दोष असे की हादरे फार, दिवसभर चालवल्यावर रात्री हाताला जेवतानाही घास थरथरतो. शिवाय इंजिनाभोवतीच्या पात्यांत धूळ आणि भुसा साचला की ते तापते. जो शेतकरी ती पाती नेमाने झाडतो त्याच्याकडे हे यंत्र चाळीस वर्षे राहते आणि जो झाडत नाही तो त्याला शिव्या देतो. यंत्रांनाही स्वभाव असतात हे वाक्य आम्ही लिहिणार नव्हतो, पण गावात सगळे त्याच भाषेत बोलतात.

एचएमटी २५११, म्हणजे मूळचा झेटोर, दोन सिलिंडरांचा. चाल सौम्य, हायड्रॉलिक नाजूक हाताने वरखाली होणारे. वखराची पास किती खोल जावी हे त्यावर जसे राखता येते तसे आयशरवर येत नाही, असे आम्हाला दिसले. कोळपणीसाठी आम्ही निवड केली असती तर याची केली असती. पण एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, आणि तेव्हापासून सुटे भाग म्हणजे दुसऱ्या एखाद्या मेलेल्या २५११ चे अवयव. स्वराज ७२४ ची गोष्ट याच्या उलट. तो रूपाने राकट आहे, पण त्याचे घराणे नांदते आहे; २००७ मध्ये कंपनी महिंद्राकडे गेली तरी नाव आणि वंश चालू राहिला. त्यांच्या इंजिनांसाठी १९८५ साली जी स्वतंत्र कंपनी निघाली तिच्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची भागीदारी होती. लोखंडी नांगराचे घराणे इथे पुन्हा भेटते.

तर मग हे लहान ट्रॅक्टर घरोघर का झाले नाहीत? १९६५ पासून मुंबईत कांदिवलीला निघालेला बी-२७५ किंवा मद्रासचा मॅसी फर्ग्युसन १०३५, म्हणजे पस्तीस अश्वशक्तीची चार आणि तीन सिलिंडरांची यंत्रे, यांनीच बाजार का व्यापला? याचे उत्तर शेतात नाही, रस्त्यावर आहे. दहा एकरांच्या मालकाचा ट्रॅक्टर स्वतःच्या शेतात वर्षाचे फार थोडे दिवस चालतो. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने चालतो. तो फेडायचा तर दुसऱ्याची नांगरट भाड्याने करायची, मळणी यंत्र फिरवायचे, ट्रॉलीत वाळू, विटा, ऊस आणि वऱ्हाड भरायचे. भाडे देणारा लवकर उरकणारे यंत्र मागतो, आणि भरलेली ट्रॉली चढावर नेणारा ताकद मागतो. बारा इंचांचे दोन फाळ लावले की एकराला साडेसतराऐवजी साडेसहा किलोमीटरच चालावे लागते. तीन फाळ लावणाऱ्याचे त्याहून भागते. हलके काम भाड्याचे नव्हते. कोळपणी कुणी भाड्याने करून घेत नसे, ती घरच्या जोडीने व्हायची. म्हणून अनेक वर्षे नांगरट ट्रॅक्टरची आणि बाकी सगळे बैलांचे अशी विभागणी राहिली. मोठ्या ट्रॅक्टरने बैलाचे सर्वांत जड काम घेतले आणि त्याचे वर्षभराचे काम त्याच्यापाशीच ठेवले. आमच्या मते बैल टिकले ते याच मोठ्या ट्रॅक्टरमुळे. ‘यंत्र विरुद्ध जीवसृष्टी’ हे सूत्र इथे अगदीच लंगडे पडते.

बैलांना खरा धक्का बसला तो नंतर आणि दुसऱ्या वाटांनी. सोयाबीनचे क्षेत्र वाढले, त्यात कडबा नाही. ज्वारीबरोबर चारा गेला. तणनाशक आले आणि कोळपणीची गरज उणावली, बायकांच्या हातची खुरपणीही. २०१५ साली बैलांच्या हत्येवर बंदी आली. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून गोऱ्हा घ्यायचा हा जुना हिशेब त्याने मोडला. आणि जमिनीची वाटणी होत राहिली. राज्यातले सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या तुकड्यात जोडी परवडत नाही आणि पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वळत नाही. सौराष्ट्रात मनसुखभाई जगानी यांनी १९९४ साली बुलेट मोटारसायकलच्या मागे चाके आणि अवजार जोडून ‘बुलेट सांती’ केली, ती याच पेचातून. पुढे मोठ्या कंपन्यांनाही पंधरा अश्वशक्तीचे ट्रॅक्टर काढावेसे वाटले. पन्नास वर्षांपूर्वीच्या डीटी-१४ एवढेच. जे यंत्र आले तेव्हा शेतकऱ्याच्या हप्त्याला पुरे पडले नाही, त्याची गरज शेत लहान झाल्यावर उगवली. परभणीच्या कृषी विद्यापीठात बैलांच्या ऊर्जेचा उपयोग अधिक चांगला कसा करता येईल यावर संशोधन करणारा प्रकल्पही आहे. एकाच जिल्ह्यात दोन्ही टोकांनी एकाच पोकळीकडे पाहिले जात आहे.

राहिला नारबा. या सगळ्या हिशेबात सालगडी कुठे आहे, हा प्रश्न आम्हाला टाळता आला नाही. राणीसावरगावच्या त्या मालकांनी सांगितले, “गडी गेला म्हणून टॅक्टर घेतलं, सर. टॅक्टर आलं म्हणून गडी गेला न्हाई.” पाडव्याला साल ठरवायला माणूस मिळेना; तरुण जोडपी ऊसतोडीला किंवा पुण्याला. हे ऐकून आम्हाला, खरे सांगायचे तर, बरे वाटले. कादंबरीवर एक चांगला आक्षेप हाती लागला होता.

त्यांच्याकडे पूर्वी सालाने असलेले एक वृद्ध गृहस्थ गावातच राहतात. मालक त्यांना मामा म्हणतात. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना भेटलो आणि मालकांचे म्हणणे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मालक म्हणतेत ते खोटं न्हाई. पोरं गेली. पण मी व्हतो की. बैल इकल्यावर मला म्हणले, मामा, आता तुमी आराम करा.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “आराम करा म्हंजे काय, सर?”

या प्रश्नावर आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. आमचा आक्षेप मात्र तिथेच गळाला. यादवांनी ट्रॅक्टरची अश्वशक्ती सांगितली नाही, कारण नारबाला ती कळून काही उपयोग नव्हता. यंत्र लहान असो की मोठे, दावण रिकामी झाली की दावणीभोवतीच्या माणसाला त्या घरात नाव उरत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने पंधरा आणि पस्तीस यांत फरक केलाच पाहिजे. कादंबरीकाराने तो केला नाही म्हणून त्याला दोष देण्याची घाई आम्ही करणार होतो, ती टळली.

निघायच्या दिवशी सकाळी रब्बी ज्वारीची पेरणी चालू होती. जमिनीला वाफसा होता, तो दोन दिवसांत उडाला असता. लिंबाखालचा आयशर शेतात होता आणि त्याच्यामागे यांत्रिक पेरणीयंत्र नव्हते, घरातली जुनी लाकडी तिफण दोराने आणि बोल्टांनी अडकवलेली होती. मालकांची सून चाड्यावर मूठ धरून चालत होती. तिफणीच्या रुमण्यावर मामांचा हात होता. मालक पहिल्या गिअरमध्ये, वारंवार मागे वळून पाहत, ट्रॅक्टर बैलांच्या चालीने नेत होते. तास थोडे वाकडे गेले की मामा ओरडायचे. इंजिनाच्या ठोक्यांत शब्द ऐकू येत नव्हते, पण ती हाक बैलांना द्यायची होती एवढे कळत होते. मालक ती ऐकून चाक सरळ करत होते.

भंगारात द्यायचे की ठेवायचे, हे त्यांनी आम्हाला पुन्हा विचारले नाही.